दुसरी स्प्रिंग

आपल्याकडचा मेकॅनिक ‘थ्रॉटल’ म्हणत नाही, ‘रेस’ म्हणतो. रेस दे, रेस सोड, गाडी रेस घेत नाही. यातल्या बहुतेक तक्रारी वैताग आणणाऱ्या असतात, एवढंच. गाडी रेस घेत नसेल तर उशीर होतो, चढावर फजिती होते, फार तर खाली उतरून ढकलावी लागते. पण ‘रेस अडकली’ हे प्रकरण वेगळं. पाय उचललाय आणि इंजिन ऐकत नाहीये. दिलेला हुकूम मागे घेता येत नाहीये.

गाडी चालत नाही, हा बिघाड मालकाला छळतो. गाडी थांबत नाही, हा बिघाड रस्त्यावरच्या कुणालाही गाठू शकतो. तरीही दुरुस्ती म्हटलं की आपलं लक्ष जवळजवळ नेहमी पहिल्या बिघाडाकडे असतं. ‘झाली का चालू?’ हा आपला प्रश्न, आणि ‘झाली’ असं उत्तर आलं की आपण पैसे देऊन मोकळे होतो. या लेखातला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जी वस्तू दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते ती आपण दुरुस्त करतो, तेव्हा ‘दुरुस्ती झाली’ असं म्हणायचा हक्क आपल्याला नेमका कधी मिळतो?

मला हा प्रश्न नीट दिसला तो एका जुन्या अमेरिकन पिकअपच्या ॲक्सिलरेटरपाशी. म्हणून आधी ती यंत्रणा समजून घेऊ.

पायापासून इंजिनापर्यंत

शेव्हरोलेटने १९४७ ते १९५५ या काळात ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाच्या पिकअप काढल्या. गोलसर नाक, फुगीर मडगार्ड, मागे उघडा हौदा. त्यातलं अर्ध्या टनाचं मॉडेल म्हणजे ३१००. अमेरिकेतल्या शेतांवर, सुतारांच्या आणि दूधवाल्यांच्या दारात या गाड्या राबल्या आणि आता म्हातारपणी त्यांना हौशी लोकांनी डोक्यावर घेतलंय. बॉनेट उघडलं की एका रांगेत सहा सिलिंडरचं, साधारण साडेतीन लिटरचं इंजिन दिसतं आणि त्याच्या आजूबाजूला एवढी मोकळी जागा असते की खालची जमीन दिसावी. संगणक नाही, सेन्सर नाही. जे आहे ते सगळं डोळ्यांना दिसतं.

रेस देण्याची व्यवस्थाही तशीच उघडी. पायाखालचं पेडल जमिनीला बिजागरीसारखं जोडलेलं. त्याला टेकलेली एक सळई पायाशी असलेल्या तिरक्या पत्र्यातून आरपार इंजिनाच्या बाजूला जाते. तिथे एका खिळीवर फिरणारी काटकोनी पट्टी असते, तिला बेलक्रँक म्हणतात. पायाकडून आलेला धक्का ती दिशा बदलून दुसऱ्या सळईला देते. ती सळई कार्ब्युरेटरवरच्या छोट्या लिव्हरपर्यंत पोचते. लिव्हर फिरली की कार्ब्युरेटरच्या गळ्यातली पितळेची चकती तिरकी होते, हवा आत शिरते, हवेसोबत पेट्रोल ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज चढतो.

या सगळ्याला मिळून लिंकेज म्हणतात. यात गुंतागुंत काहीच नाही, पण सांधे मात्र पुष्कळ. प्रत्येक सांध्यात एक भोक, भोकात एक वाकवलेलं टोक, टोक निसटू नये म्हणून क्लिप किंवा कॉटर पिन. सत्तर वर्षं धातूवर धातू घासला की गोल भोक अंडाकृती होतं. समजा, चार सांध्यांत प्रत्येकी एक मिलिमीटर झीज झाली. लिव्हरच्या लांबीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण पाय तीन-चार मिलिमीटर हलेपर्यंत इंजिनाला पत्ताच लागत नाही. मग अचानक लागतो. गाडी दचके खाते. लोक याला जुन्या गाडीचा स्वभाव म्हणतात. स्वभाव वगैरे काही नसतो, ती झीज असते.

आणि मग येते ती स्प्रिंग. पायाने ढकललेलं लिंकेज स्वतःहून मागे येत नाही. पाय उचलल्यावर चकती बंद करण्याचं काम एका स्प्रिंगचं असतं. सळया, बेलक्रँक, लिव्हर हे सगळे भाग रेस वाढवण्यासाठी राबतात. परत आणण्याचं काम एकटीचं.

ही स्प्रिंग कुठे लावायची, यातही मोठा विचार आहे. पेडलपाशी लावली तर हाताला सोपी, काढाघालायला सोयीची. पण मधली एखादी सळई निसटली तर पेडल शहाण्यासारखं वर येईल आणि कार्ब्युरेटर मात्र उघडाच राहील. म्हणून तिची जागा अगदी शेवटी, कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर असते. मधलं सगळं तुटलं तरी चकती मिटली पाहिजे. पहारा जिथे सोयीचा तिथे नाही, जिथून संकट येणार तिथे ठेवायचा, हे त्या जागेमागचं तत्त्व आहे.

एकच स्प्रिंग पुरे का?

मी ओहायोत राहतो. आमच्या गल्लीत एका निवृत्त गृहस्थांकडे १९५१ची अशी एक पिकअप आहे. त्यांच्या सतरा वर्षांच्या नातीला चार जुलैच्या मिरवणुकीत ती चालवायची होती, आणि आजोबांची अट होती की आधी लिंकेज नीट करायचं. दोन शनिवार मी त्यांच्या हाताखाली होतो.

कुणीतरी कधीतरी बेलक्रँकजवळ क्लिपऐवजी गवताच्या पेंढ्या बांधायची तार गुंडाळली होती. तारेला गंज चढला होता, म्हणजे ‘तात्पुरती’ सोय बरीच वर्षं टिकली होती. ती काढली. अंडाकृती भोक मोठं करून त्यात कांस्याचा बुश बसवला. सळईचं झिजलेलं टोक बदललं, नव्या कॉटर पिन घातल्या, बेलक्रँकच्या खिळीवरचं जुनं घट्ट झालेलं ग्रीस खरवडून काढलं. पेडल दाबलं की कार्ब्युरेटर लगेच हलू लागला. चालवण्यापुरतं काम इथे संपलं होतं.

वाद झाला तो स्प्रिंगवरून. जुनी स्प्रिंग गंजून ताणली गेली होती, ती बदलायची यावर एकमत होतं. मी म्हटलं, दोन लावू. ते म्हणाले, कारखान्यातून एकच आली होती, एकच राहील.

त्यांची बाजू हट्टाची नव्हती. पहिला मुद्दा असा की ही गाडी सत्तर वर्षं एका स्प्रिंगवर चालली आणि कुणाला काही झालं नाही. दुसरा असा की जुनी गाडी जपणं म्हणजे ती जशी होती तशी जपणं. आपल्या सोयीनं एकेक गोष्ट बदलत गेलो तर शेवटी नव्या गाडीवर जुना पत्रा उरेल. तिसरा मुद्दा सगळ्यांत टोकदार होता. दुसरी स्प्रिंग लावायची तर मग ब्रेकचं काय? या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकला मिळून एकच हायड्रॉलिक नळीमार्ग आहे, एका जागी गळती झाली तर चारही ब्रेक जातात. सीट-बेल्ट नाही. हे सगळं तसंच ठेवून एका स्प्रिंगने काय पुण्य लागणार आहे? कुठे थांबायचं ते सांग.

कायद्याचा आधार मला घेता येत नव्हता. ओहायोत खासगी गाडीची दरवर्षी सुरक्षा-तपासणी करावी लागत नाही. आणि अमेरिकेचे वाहनसुरक्षा नियम गाडी बनते त्या वेळच्या नव्या गाड्यांना लागू होतात. १९५१च्या गाडीला पुढचे नियम पाळायचं बंधन नाही. म्हणजे प्रश्न उरला तो निव्वळ नीतीचा. कुणी विचारणार नसताना काय करायचं?

अनुभवातून आलेले नियम

कायदा बांधत नसला तरी शिकवू शकतो. अमेरिकेत गाड्यांच्या ॲक्सिलरेटरसाठी १२४ क्रमांकाचा सुरक्षा-मानक आहे, १ सप्टेंबर १९७३पासून लागू झालेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाय उचलल्यावर थ्रॉटल मिटवू शकतील असे ऊर्जेचे निदान दोन स्रोत हवेत आणि त्यातला एक तुटला तरी थ्रॉटल मिटलं पाहिजे. हलक्या गाड्यांत एका सेकंदात, जड गाड्यांत दोन सेकंदांत, कडाक्याच्या थंडीत तीन सेकंदांत. नियमाची भाषा रुक्ष आहे. पण तो ‘स्प्रिंग मजबूत असावी’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, स्प्रिंग तुटणारच आहे असं धरून चाला.

असं धरून का चालावं लागतं, हे त्याच्या दोनच वर्षं आधी एका प्रचंड घटनेनं दाखवलं होतं. डिसेंबर १९७१मध्ये जनरल मोटर्सने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या सुमारे ६७ लाख शेव्हरोलेट गाड्या आणि हलके ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलावले. दोष लिंकेजमध्ये नव्हता. इंजिन ज्या रबर-धातूच्या माउंटिंगवर बसतं त्यातलं रबर सुटत होतं. मग जोरात रेस दिली की इंजिन आपल्याच ताकदीनं एका बाजूला उचललं जाई. इंजिन वर गेलं की त्याला जोडलेलं लिंकेज ओढलं जाई आणि थ्रॉटल आणखी उघडे. पायाने थोडी रेस मागितली, इंजिनाने उचल खाल्ली आणि त्या उचलीने स्वतःच उरलेली रेस घेतली. इतका साधा दोष, पण तो कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही, कारण आराखड्यात इंजिन आपली जागा सोडत नाही.

कंपनीचा उपाय काय होता? बहुतेक ठिकाणी माउंटिंग बदललं नाही. पोलादी केबलचा एक तुकडा लावला, रबर सुटलं तरी इंजिन फार वर जाऊ नये म्हणून. याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. स्वस्तात सुटका करून घेतली, असं म्हणता येईल. मूळ दोष तसाच ठेवला हे खरंच आहे. पण त्या केबलमागचा विचार आणि दुसऱ्या स्प्रिंगमागचा विचार एकच आहे: हा भाग निकामी होईल तेव्हा पुढे काय होऊ द्यायचं नाही, ते आधी ठरवा.

आणि शेजाऱ्यांच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तरही इथे आहे. ‘सत्तर वर्षं काही झालं नाही’ हा स्प्रिंगच्या बाजूचा पुरावा वाटतो, पण थकणाऱ्या धातूच्या बाबतीत तो उलटाही वाचता येतो. प्रत्येक वेळी ताणली जाणारी, गंजणारी वस्तू सत्तर वर्षांनी पहिल्या दिवसापेक्षा मोडण्याच्या जास्त जवळ असते. नवी स्प्रिंग लावली तरी ती अडकवायचं भोक, तो पत्रा, तो नट जुनाच असतो.

हिशेब कुणाचा, जीव कुणाचा

निष्काळजीपणा कशाला म्हणायचं, यावरचा एक प्रसिद्ध अमेरिकन निकाल योगायोगानं १९४७चा, म्हणजे या पिकअप बाजारात आल्या त्याच वर्षीचा आहे. न्यूयॉर्क बंदरात बांधलेली एक मालवाहू बार्ज सुटून वाहत गेली आणि बुडाली. जो माणूस तिच्यावर असायला हवा होता तो जागेवर नव्हता. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी जबाबदारी ठरवायला एक सूत्र मांडलं. खबरदारी घेण्याचा खर्च एका बाजूला ठेवा. अपघाताची शक्यता गुणिले होणारं नुकसान दुसऱ्या बाजूला. खर्चाचं पारडं हलकं असूनही खबरदारी घेतली नसेल तर तो निष्काळजीपणा.

शेजाऱ्यांचा ‘कुठे थांबायचं’ हा मुद्दा या सूत्रानं बराच सुटतो. दुसरी स्प्रिंग काही डॉलरची आणि अर्ध्या तासाच्या कामाची. अपघाताची शक्यता कितीही बारीक धरली तरी दुसऱ्या पारड्यात मिरवणुकीत कडेला उभी असलेली मुलं आहेत. इथे हिशेब करायला कागदसुद्धा लागत नाही. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग करायचे तर खर्च आणि काम जास्त, पण तेही आवाक्याबाहेरचं नाही. तो प्रश्न खरा आहे आणि त्याचा वेगळा विचार करावाच लागेल. मात्र अवघड काम उरलंय, हे सोपं काम न करण्याचं कारण होत नाही. ‘सगळं करता येत नाही’ यावरून ‘काहीच करायला नको’ इथवर आपण किती पटकन पोचतो, हे आपल्याला घरच्या अनुभवावरूनही माहीत असतं.

सीट-बेल्टचं प्रकरण वेगळं आहे. तो प्रामुख्यानं आत बसलेल्याला वाचवतो. आजोबांनी स्वतःच्या जिवाचा धोका पत्करून बेल्टशिवाय गाडी चालवायचं ठरवलं तर त्यांच्याशी वाद घालता येईल, पण तो धोका निदान त्यांनी स्वतः निवडलेला आहे. अडकलेली रेस कुणाला गाठेल ते आधी सांगता येत नाही, आणि ज्याला गाठेल त्याला कुणी विचारलेलं नसतं. जुन्या गाडीचा आनंद एकाचा आणि तिच्या झिजेचा धोका दुसऱ्याचा, ही वाटणी कुणी ठरवली?

हँडच्या सूत्राची मर्यादाही इथेच दिसते. ते पारडी दाखवतं, पण दोन पारड्यांत दोन वेगळी माणसं बसली आहेत हे दाखवत नाही. स्प्रिंगचा खर्च मालकाचा, नुकसान परक्याचं. दुसऱ्या स्प्रिंगने पेडल जरा जड होतं, म्हणजे लांबच्या प्रवासात पिंढरी दुखणार तीही चालवणाऱ्याची. खबरदारीचा सगळा त्रास करणाऱ्याला आणि सगळा फायदा अशा माणसाला, ज्याला आपल्याला फायदा झाला हे कधी कळणारसुद्धा नाही. अशी कामं म्हणूनच राहून जातात. त्यांच्याबद्दल आभार मानायला कुणी येत नाही.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी एका परिसंवादात नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला. नेगल यांचं एक उदाहरण ट्रकचालकाचंच आहे. त्याने ब्रेक तपासून घ्यायचा कंटाळा केलाय. एखाद्या दिवशी समोर मूल येतं, ब्रेक कमी पडतो आणि तो जन्मभर स्वतःला दोष देत राहतो. आता दुसरा चालक बघा. त्यानेही तितकाच कंटाळा केला, फक्त त्याच्यासमोर कधी मूल आलं नाही. तो निवांत आहे. दोघांची हयगय सारखी, निकाल वेगळा, आणि तो निकाल दोघांच्याही हातात नव्हता.

हे उदाहरण बहुतेक वेळा पहिल्या चालकाबद्दल वाचलं जातं: त्याला किती दोष द्यावा? मला दुसऱ्याबद्दल जास्त वाटतं, कारण आपण जवळजवळ सगळे दुसरे असतो. ‘आजवर काही झालं नाही’ हे त्याचं वाक्य. त्याचं नशीब चांगलं आहे आणि त्याला वाटतंय की आपली गाडी चांगली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करणं हाच दुरुस्तीचा खरा अर्थ असावा. दुरुस्त करायचं म्हणजे जे आजवर नशिबावर सोडलं होतं त्यातलं जमेल तेवढं आपल्या अंगावर घ्यायचं.

मुद्दाम मोडून बघणं

शेवटी शेजाऱ्यांनी दुसरी स्प्रिंग मान्य केली, पण त्यांच्या अटीवर. गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. म्हणून इंजिनावर आधीपासून असलेल्या एका बोल्टखाली छोटी पट्टी बसवली आणि स्प्रिंग तिला अडकवली. प्रदर्शनात परीक्षक मूळपणाला गुण देतात, तेव्हा पाच मिनिटांत ती काढून ठेवता येते. माझी हरकत नव्हती. उभ्या गाडीला दुसरी स्प्रिंग लागत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी जपली. दोन्ही स्प्रिंगा एकाच भोकात अडकवायच्या नाहीत. दिसायला त्या दोन असतात, पण ते भोक फाटलं की दोन्ही एकदम जातात. दोन आधार खरोखर दोन तेव्हाच, जेव्हा एकाच कारणाने दोन्ही पडू शकत नाहीत. हे फक्त स्प्रिंगबद्दल खरं नाही. एका कामावर दोन माणसांच्या सह्या असतात आणि दुसरा पहिल्याची सही बघून सही करतो, तिथे सही एकच असते.

मग चाचणी. इंजिन बंद. नात आत बसून पेडल तळापर्यंत दाबते आणि सोडते, आम्ही बॉनेटखाली वाकून बघतो. चकती टक्कन मिटते. मग एक स्प्रिंग हातानं काढली, पुन्हा दाबायला लावलं. मिटली. ती लावून दुसरी काढली. मिटली. डॅशबोर्डवर हातानं रेस लावून ठेवायचं एक बटण असतं, तेही ओढून आणि सोडून पाहिलं. पायाखालची मॅट सरकून पेडलवर चढत नाही ना, ते पाहिलं. एरवी आपण यंत्र चालतं का ते तपासतो. इथे आम्ही ते नीट बिघडतं का, हे तपासत होतो.

त्यानंतर आजोबांनी नातीला शिकवलं: रेस अडकली तर आधी क्लच दाब, गिअर न्यूट्रलला टाक, मग ब्रेक, मग किल्ली बंद. उभ्या गाडीत दहा वेळा करून घेतलं. ती म्हणाली, पेडल आधीपेक्षा जड लागतंय. आजोबा म्हणाले, लागू दे.

या सगळ्यात मी कोण, हा प्रश्न माझ्या मनात होता. गाडी त्यांची, निर्णय त्यांचा. ते शेवटपर्यंत नाहीच म्हणाले असते तर? मला वाटतं, मी माझा पान्हा खाली ठेवायला हवा होता. मालकी गाडीवर असते, रस्त्यावर नसते. ज्याने हात लावला त्याच्यावर, मालक काहीही म्हणो, रस्त्याचं थोडं देणं लागतं. डॉक्टर, इंजिनिअर, वायरमन हे सगळे याच देण्याखाली असतात. त्यांचं गिऱ्हाईक एक, आणि जबाबदारी मात्र गिऱ्हाइकापुरती नाही.

आता सळया गेल्या, तरी

आजच्या गाडीत या सळया नाहीत. पेडलखाली सेन्सर असतो, संगणक त्याचा संकेत वाचतो आणि मोटर थ्रॉटल उघडते. मग जुन्या लोखंडाची ही गोष्ट आज कशाला? कारण दुसरी स्प्रिंग गेलेली नाही, तिने फक्त रूप बदललंय. आजच्या पेडलमध्ये एकाऐवजी निदान दोन स्वतंत्र संकेत असतात आणि संगणक ते एकमेकांशी ताडून बघतो. जुळले नाहीत तर इंजिनाची ताकद कमी करतो.

आणि जुने बिघाडही गेलेले नाहीत. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस भरधाव सुटली आणि आतली चारही माणसं गेली. तपासात दिसलं की दुसऱ्या मॉडेलची मॅट घातलेली होती आणि पेडल तिच्यात अडकलं होतं. त्याआधी तीच गाडी वापरलेल्या एका ग्राहकालाही हाच अनुभव आला होता आणि त्याने तो गाडी परत करताना सांगितला होता, हेही पुढे आलं. त्यानंतर टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का, हे शोधायला सरकारने नासाच्या अभियंत्यांची मदत घेतली. फेब्रुवारी २०११च्या अहवालात अशा भरधाव सुटण्याचं इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नसल्याचं म्हटलं होतं. ओळखलेले यांत्रिक दोष दोन होते: मॅटमध्ये अडकणारं पेडल आणि चिकटून राहणारं पेडल. एवढ्या संगणकाच्या जमान्यात माणसं मेली ती पायपुसण्याच्या तुकड्यामुळे, आणि ‘मॅट अडकते’ हे एका माणसाचं सांगणं योग्य ठिकाणी न पोचल्यामुळे.

हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांकडे जुनी पिकअप नाही, कधी नसेलही. पण दुसरी स्प्रिंग सगळ्यांच्या कामात कुठेतरी असते. घरातल्या वायरिंगमध्ये ती अर्थिंगची तार असते. गीझर तिच्याशिवायही पाणी तापवतो, म्हणून ती राहून जाते. ॲप लिहिणाऱ्याच्या कामात ती जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय असते, जी डेडलाइनच्या आदल्या रात्री पहिली वगळली जाते. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचणं असते. या सगळ्यांत एक साम्य आहे. ती गोष्ट असताना काही वेगळं दिसत नाही आणि नसतानाही बराच काळ काही वेगळं दिसत नाही. तिच्यावाचून काम अडत नाही, म्हणून ती अडचण वाटते.

मग दुरुस्ती कधी झाली म्हणायची? वस्तू पुन्हा आपलं ऐकू लागली, हे अर्धं काम. ती ऐकेनाशी होईल त्या दिवशी काय करेल, हे आपण मुद्दाम करून पाहिलं आणि जे दिसलं ते अनोळखी माणसासमोर उभं राहून सांगता आलं, की उरलेलं अर्धं. तोवर ‘चालतंय’ म्हणावं. ‘झालं’ म्हणू नये.